सूचना कोणाची, जबाबदारी कोणाची?

१. एकाच फलकावरचे दोन प्रश्न

घरी केलेले उकडीचे मोदक ओळखीच्या चार कुटुंबांना पैसे घेऊन दिले तर जर्मनीत ते बेकायदा ठरते का, आणि पोलिसांच्या नावाने आलेला फोन खरा की खोटा हे कसे ओळखावे, हे दोन प्रश्न जर्मनीत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांकडून वरचेवर विचारले जातात. वरवर पाहता पहिला प्रश्न स्वयंपाकघरातला आणि दुसरा गुन्हेगारीतला वाटतो. मात्र दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी, म्हणजे वस्तीतल्या लोकांनी एकमेकांसाठी लावलेल्या सूचनांत असतो. इमारतीच्या जिन्यातील फलक असो, सुपरमार्केटच्या दारातील चिठ्ठ्यांची भिंत असो किंवा मोबाइलवरचा व्हॉट्सॲप गट असो, 'दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या जातील' या ओळीच्या खालीच 'सावधान, असा फोन आल्यास उचलू नका' ही ओळ येते, आणि वाचणारा दोन्हींवर सारख्याच सहजतेने विश्वास ठेवतो.

वोल्फ्सबुर्ग हे शहर या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचे आहे, कारण ते जवळजवळ संपूर्णपणे बाहेरून आलेल्या माणसांनी वसवलेले आहे. १ जुलै १९३८ रोजी फोक्सवागनच्या मोटारकारखान्यातील कामगारांसाठी त्याची स्थापना झाली, २५ मे १९४५ रोजी त्याला आजचे नाव मिळाले, आणि जानेवारी १९६२ पासून इटालियन कामगार येऊ लागले, ज्यांची सोय सुरुवातीला लाकडी बराकींत करण्यात आली होती. चाकणला फोक्सवागनचा कारखाना २००९ साली सुरू झाल्यापासून पुणे परिसर आणि हे सव्वा लाख वस्तीचे शहर यांच्यात अभियंत्यांची येजा सुरू आहे. अशा गावात काका-मामा, वाण्याचे दुकान, ओळखीचा डॉक्टर यांपैकी काहीच आयते मिळत नाही. डेटमेरोडे किंवा वेस्टहागेनसारख्या वस्तीत फ्लॅट मिळालेल्या कुटुंबाला बाळाची जुनी गाडी, मराठी बोलणारी सांभाळणारी बाई आणि तांदळाच्या पिठीचा ठावठिकाणा हे सर्व सूचनांमधूनच मिळते. सूचनेवरचे अवलंबित्व जितके अधिक, तितकी फसवणुकीला जागा अधिक, हे ओघाने आलेच.

२. सूचनेमागची पत

कोणत्याही सूचनेचे दोन भाग असतात. पहिला भाग मजकुराचा, म्हणजे काय मिळेल, केव्हा आणि कितीला. दुसरा भाग पतीचा, म्हणजे हे कोण सांगत आहे आणि बोललेले खरे न ठरल्यास कोणाला गाठायचे. वाचणारे बहुधा पहिला भाग वाचतात आणि दुसरा गृहीत धरतात.

हा दुसरा भाग किती महत्त्वाचा आहे हे आपल्याकडील जुन्या सावकारी व्यवहाराला चांगले ठाऊक होते. शहाजोग हुंडी नावाचा जो प्रकार होता, त्यात हुंडीची रक्कम कोणाही धारकाला न देता बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच द्यायची असे. हुंडी अनेक हातांतून फिरली तरी चालत असे, परंतु ती पुढे चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसे कोणाच्या हाती गेले याचा माग लागला पाहिजे, एवढीच त्यामागची योजना होती. व्हॉट्सॲप गटावर 'फॉरवर्डेड' या शिक्क्यासह फिरणाऱ्या सूचनेत हीच कडी तुटलेली असते: ती शेजारच्या वहिनींनी पाठवली म्हणून विश्वासार्ह वाटते, वहिनींना ती जावेने पाठवलेली असते, आणि जावेला कोणी पाठवली हे कोणालाच आठवत नाही. वहिनींची पत खरी आहे, पण ती या सूचनेमागे उभी नाही.

घरगुती विक्रीचे जर्मन नियम आणि फोनवरील फसवणुकीची लक्षणे हे दोन्ही विषय या एका कसोटीवर घासून पाहिले की पुष्कळ सोपे होतात. कागदपत्रांचा कंटाळवाणा वाटणारा जर्मन पसारा हा मुख्यतः विक्रेत्याला नाव-पत्त्यानिशी उभे करण्यासाठी आहे, तर फसवणारा ज्या एका गोष्टीपासून पळतो ती म्हणजे नाव-पत्त्यानिशी उभे राहणे.

३. मोदक, फराळ आणि हिंगातला गहू

पहिला मुद्दा असा की विक्री आणि व्यवसाय यांत फरक आहे. मुलाची जुनी सायकल किंवा वापरलेला सोफा विकणे ही खाजगी विक्री होय आणि तिला नोंदणी लागत नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या मदतीसाठी एकदा खाद्यपदार्थांचे टेबल मांडणे हेही सहसा व्यवसायात मोडत नाही. परंतु नफ्याच्या हेतूने, स्वतःच्या जबाबदारीवर आणि पुन्हा पुन्हा जे विकले जाते तो व्यवसाय, मग तो स्वयंपाकघराच्या ओट्यावरून का चालेना. पुण्याहून आणलेल्या साड्या किंवा नकली दागिने दर सणाला थोडे अधिक दराने विकणारी गृहिणी याच व्याख्येत बसते, ही गोष्ट अनेकींना पटत नाही.

व्यवसायासाठी नगरपालिकेत 'गेवेर्बे-आनमेल्डुंग', म्हणजे व्यवसाय सुरू केल्याची नोंद, करावी लागते. ही परवानगी नसून वर्दी आहे. अर्ज छोटा असतो आणि शुल्कही किरकोळ असते. त्याआधी मात्र निवासपरवाना पाहावा लागतो, आणि येथे एक गंमत आहे. कंपनीत मोठ्या पगारावर असलेल्या पतीचे ब्लू कार्ड नोकरीसाठी दिलेले असते, त्यामुळे स्वतंत्र व्यवसायासाठी त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी अनुमती लागते. उलट कौटुंबिक कारणाने त्याच्यासोबत आलेल्या पत्नीचा परवाना कायद्याने नोकरी आणि व्यवसाय या दोन्हींना मुभा देतो. डब्याच्या धंद्याची नोंद पतीच्या नावाने करण्याची आपल्याकडील सवय येथे नेमकी अंगाशी येऊ शकते.

पैशांचे गणित उदाहरणाने पाहता येईल. समजा, दिवाळीत फराळाचे ४० डबे प्रत्येकी २२ युरोला विकले, तर उलाढाल ८८० युरो झाली. साहित्य, खोकी आणि विजेचा खर्च ५२० युरो धरला तर नफा ३६० युरो उरला. मूल्यवर्धित कराच्या दृष्टीने उलाढाल मोजली जाते, आणि २०२५ पासून मागील वर्षी २५,००० युरोंच्या आत उलाढाल असलेल्या लघुउद्योजकाला, चालू वर्षी १,००,००० युरोंची मर्यादा ओलांडेपर्यंत, हा कर लावावा लागत नाही. प्राप्तिकराला नफा लागतो, आणि पती-पत्नी एकत्रित विवरणपत्र भरत असतील तर तो पतीच्या पगारात मिळवला जातो. या पातळीवर घाबरण्यासारखे काही नाही.

आता दुसरे उदाहरण. महिन्यातील २२ दिवस रोज १० डबे प्रत्येकी ७ युरोला दिले, तर उलाढाल १,५४० युरो होते आणि ८५० युरो खर्च वजा जाता ६९० युरो नफा राहतो. पतीच्या सरकारी आरोग्यविम्यात पत्नीला विनाशुल्क सामावून घेतले जाते ते तिचे नियमित उत्पन्न एका मर्यादेत असेपर्यंतच, आणि ही मर्यादा २०२५ साली दरमहा ५३५ युरो होती. याचा अर्थ असा की १० डब्यांचा धंदा नीट चालू लागला की स्वतःचा विमा स्वतःच्या खर्चाने काढण्याची वेळ येते आणि नफ्याचा मोठा हिस्सा त्यात जातो. घरगुती धंदा करू पाहणाऱ्या गृहिणीला कराच्या आधी कोणी हा आकडा सांगितला पाहिजे. प्रत्यक्षात तो बहुधा सर्वांत शेवटी कळतो.

खाद्यपदार्थांना आणखी नियम लागतात. जर्मन संसर्गरोग कायद्याच्या ४३व्या कलमानुसार धंद्यासाठी अन्न हाताळणाऱ्याला काम सुरू करण्यापूर्वी आरोग्य कार्यालयाकडून माहितीसत्र पूर्ण केल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि काम सुरू करतेवेळी तो तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या अन्नस्वच्छता नियमावलीत राहत्या घरात नियमितपणे विक्रीसाठी शिजवणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे घरचे स्वयंपाकघर मुळातच वर्ज्य मानलेले नाही. मात्र अन्न-निरीक्षकाला ते पाहण्याचा अधिकार येतो, आणि हात धुण्याची सोय, साठवण व घरच्या-धंद्याच्या जिनसांची विभागणी यांबाबत तो काय मागेल हे आधीच विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. घर भाड्याचे असेल तर घरमालकाचाही प्रश्न येतो: जिन्यात गिऱ्हाइकांची वर्दळ आणि फोडणीचा वास सुरू झाला की त्याची संमती आवश्यक होते.

यांतील सर्वांत दुर्लक्षित बाब ॲलर्जीची आहे. युरोपात १३ डिसेंबर २०१४ पासून १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे, आणि हा नियम वेष्टनाविना दिल्या जाणाऱ्या पदार्थांनाही लागू आहे. मराठी फराळाचे ताट या यादीसमोर धरले तर ती जणू आपल्यासाठीच लिहिली असावी असे वाटू लागते: चिवड्यातले शेंगदाणे, लाडवातले तीळ, बेसनलाडवातले तूप व काजू, शंकरपाळ्यांतला गहू, लोणच्यातली मोहरी, हे सर्व त्या यादीत आहे. नारळ मात्र त्यात नाही, आणि हरभऱ्याचे पीठही नाही. सर्वांत फसवे प्रकरण हिंगाचे आहे, कारण बाजारातील डबीतल्या बांधणीच्या हिंगात बरेचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. त्यामुळे पोह्यांचा चिवडा 'गहू नाही' म्हणून विकणारीने आधी हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे वाचावीत. शेजारच्या जर्मन कुटुंबातील मुलाला ग्लुटेन वर्ज्य असेल तर ही चिमूटभर जिन्नस आजाराचे कारण होऊ शकते.

म्हणूनच 'घरगुती चविष्ट फराळ, ऑर्डरसाठी संपर्क' ही सूचना अपुरी आहे. तिच्यात विक्रेत्याचे पूर्ण नाव, पदार्थ कोणत्या दिवशी तयार होणार, किंमत, ॲलर्जीचे घटक आणि पैसे देण्याची पद्धत एवढे लिहिले, की सूचना पाच ओळींची होते आणि वाचणाऱ्याला विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

४. 'पुण्याहून कोणी येतंय का?'

या सूचनेत विक्री नसते, पण जोखीम असते. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला स्वतःच्या वापराच्या किंवा भेटीच्या वस्तू ४३० युरो मूल्यापर्यंत शुल्काविना आणता येतात. विक्रीसाठी आणलेल्या साड्यांना ही सवलत नाही. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपबाहेरून सामानात आणण्यास मनाई असल्याने तुपाची बरणी, पेढे, बर्फी आणि आम्रखंड विमानतळावरच राहू शकते, मग ते आईने कितीही निगुतीने बांधून दिलेले असो. दुसऱ्याचे बंद पाकीट 'फक्त औषधे आहेत' या शब्दावर घेणाऱ्या प्रवाशाने हे लक्षात ठेवावे, की तपासणीच्या वेळी पाकिटाचा मालक तोच समजला जातो.

५. युरो इकडे, रुपये तिकडे

घरगुती व्यवहार आणि फसवणूक यांची सीमारेषा जिथे पुसट होते ते ठिकाण म्हणजे चलनाची अदलाबदल. 'मला भारतात रुपये हवेत, कोणाला युरो हवेत का? बँकेपेक्षा चांगला दर देऊ' अशी सूचना भारतीयांच्या गटांवर नेहमी दिसते, आणि ती टाकणारा बहुधा प्रामाणिक असतो. घरी कर्जाचा हप्ता भरायचा असतो आणि बँकेचे शुल्क वाचवायचे असते.

परंतु पुढची पायरी अशी की अनोळखी माणूस वोल्फ्सबुर्गमधील खात्यावर युरो घेतो आणि सूचना टाकणाऱ्याच्या वडिलांच्या पुण्यातील खात्यात तिसऱ्याच कोणाच्या नावाने रुपये जमा होतात. ते रुपये एखाद्या वृद्धाला फसवून काढलेले असतील, तर तक्रार नोंदवताच पोलीस पैशांचा माग काढत त्या पुण्यातील खात्यापर्यंत पोहोचतात आणि बँक ती रक्कम गोठवते. खातेदार असलेल्या निवृत्त वडिलांना आपण काय केले हेच कळत नाही. जर्मन बाजूला परवान्याविना पैसे पोहोचवण्याचा धंदा करणे गुन्हा आहे, आणि गुन्ह्यातील पैसे अक्षम्य निष्काळजीपणाने स्वीकारणेही मनी लाँडरिंगच्या कलमाखाली येऊ शकते. 'आपलेच लोक आहेत' ही भावना येथे सर्वांत महाग पडते, कारण समोरचा आपलाच असला तरी त्याने पुढे केलेला पैसा कोणाचा हे तोही सांगू शकत नाही.

जुन्या वस्तूंच्या विक्रीतही असाच एक सापळा असतो. वस्तूची जाहिरात लागताच 'ग्राहक' लिहितो की पैसे भरले आहेत, ते मिळवण्यासाठी दुव्यावर कार्डाचा क्रमांक आणि बँकेकडून आलेला संकेतांक द्या. पैसे घ्यायला जर्मनीत खातेक्रमांक, म्हणजे आयबॅन, पुरतो. भारतात यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तोच हा नियम. संकेतांक मागितला गेला याचा अर्थ पैसे येणार नसून जाणार आहेत.

६. फोनवरचा आवाज

फोनवरून फसवणाऱ्याकडे फलक नसतो, म्हणून तो पत उसनी आणतो: कधी पोलिसांची, कधी बँकेची, कधी पोटच्या मुलाची. जर्मनीत प्रचलित असलेला एक प्रकार धक्कादायक फोनचा आहे. रडणारा आवाज येतो, मागोमाग 'पोलीस अधिकारी' सांगतो की तुमच्या मुलीच्या गाडीखाली माणूस मेला असून अटक टाळायची तर हजारो युरोंचा जामीन आजच द्यावा लागेल, आणि तो घ्यायला माणूस दारात येईल. जर्मनीत जामिनाचा निर्णय न्यायाधीश करतो आणि रक्कम न्यायालयाच्या व्यवस्थेत भरली जाते. ती पिशवीतून न्यायला पोलीस येत नाहीत. दुसरा प्रकार 'हॅलो मम्मा, माझा फोन बिघडला, हा नवीन नंबर' या संदेशाचा, आणि तिसरा युरोपोल किंवा इंटरपोलच्या नावाने लागणाऱ्या इंग्रजी ध्वनिमुद्रित संदेशाचा, जो जर्मन न येणाऱ्या नवागताला अधिक खरा वाटतो.

पडद्यावर दिसणारा नंबर हा पुरावा नव्हे, कारण तो बदलून दाखवता येतो. म्हणूनच १ डिसेंबर २०२२ पासून जर्मन दूरसंचार कंपन्यांवर बंधन आहे की परदेशातून येणाऱ्या फोनवर जर्मन लँडलाइनचा नंबर दिसू द्यायचा नाही, आणि ११० किंवा ११२ हे आणीबाणीचे क्रमांक फोन करणाराचे म्हणून दाखवायचे नाहीत. खरे पोलीस ११० वरून फोन करत नाहीत, एवढे एक वाक्य जिन्यातील फलकावर कायमचे लावावे इतके उपयुक्त आहे.

परदेशी माणसाला सर्वांत अधिक भीती निवासपरवान्याची असते, आणि 'दंड भरा, नाहीतर परत पाठवू' हा फोन त्याच भीतीवर चालतो. जर्मन सरकारी यंत्रणा कागदावर चालते ही येथे मोठी सोय आहे. गंभीर बाब टपालाने येते. न्यायालयीन किंवा तत्सम औपचारिक पत्र तर पिवळ्या पाकिटातून येते आणि त्यावर पोस्टमन पोहोचवल्याची तारीख हाताने लिहितो. अर्ध्या तासात भेटकार्डे विकत घेऊन त्यांचे क्रमांक सांगा, असे कोणतेही कार्यालय म्हणत नाही.

वीजकंपनीच्या नावाने येणारा फोन मात्र इतका उघड खोटा नसतो. बोलणारा सौम्यपणे दर कमी करून देतो म्हणतो आणि फक्त मीटरचा क्रमांक विचारतो; नाव, पत्ता आणि हा क्रमांक हाती आला की ग्राहकाच्या नकळत वीजपुरवठादार बदलण्याची प्रक्रिया सुरू करता येते. २७ जुलै २०२१ पासून घरगुती विजेचा करार केवळ तोंडी होत नाही, तो लेखी स्वरूपात लागतो, आणि फोनवरून झालेल्या कराराला १४ दिवसांत मागे घेण्याचा हक्क असतो. तळघरातील मीटरवरचा क्रमांक विचारणाराला तो न सांगणे हे या सर्व कलमांपेक्षा सोपे.

वोल्फ्सबुर्गमधील कुटुंबाची अर्धी काळजी मात्र चिंचवड किंवा सांगलीत असते. भारतात 'डिजिटल अटक' या नावाने जी फसवणूक चालते, तिच्यात खोटा अधिकारी व्हिडिओ कॉलवर वृद्ध दांपत्याला तासन्‌तास बसवून ठेवतो, कोणाशी बोलू देत नाही आणि खाती रिकामी करवतो. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही, आणि २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही याविषयी सावध केले होते. मुलगा परदेशी असणे ही फसवणाऱ्याला मिळालेली आयती सोय असते. पुण्यात सकाळचे १० वाजलेले असताना वोल्फ्सबुर्गमध्ये हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. 'तुमच्या मुलाला तिकडे पकडले आहे' हे ऐकल्यावर आई त्याला फोन लावायला बिचकते किंवा तो उचलत नाही. यावर उपाय म्हणून घरातल्या घरात एक परवलीचा प्रश्न ठरवावा, ज्याचे उत्तर कोणत्याही कागदावर किंवा फोटोत नाही, उदाहरणार्थ आजोळच्या गाईचे नाव. नक्कल केलेल्या आवाजाला हे उत्तर देता येत नाही.

७. इशारा कसा लिहावा

पैसे गेलेच, तर वेळ ही एकच वस्तू हातात असते. युरोपात तत्काळ हस्तांतरणाची रक्कम १० सेकंदांत पोहोचते, आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतील बँका हस्तांतरणापूर्वी नाव व आयबॅन जुळतात की नाही ते दाखवतात. ते न जुळल्याचा इशारा ओलांडून पैसे पाठवू नयेत. पैसे गेल्यास प्रथम बँकेला, कार्ड असेल तर ११६ ११६ या क्रमांकावर, आणि मग पोलिसांकडे तक्रार, हा क्रम ठेवावा. भारतातील खात्यातून गेले असतील तर १९३० हा क्रमांक आहे. वोल्फ्सबुर्गमध्ये तक्रार वोल्फ्सबुर्ग-हेल्मश्टेट पोलीस विभागाकडे किंवा नीडरसाक्सन राज्याच्या ऑनलाइन पोलीसठाण्यात नोंदवता येते, आणि नुकसान थोडे असले तरी नोंदवावी, कारण बँक पुढे त्या नोंदीचा क्रमांक मागू शकते.

त्यानंतर शेजाऱ्यांसाठी सूचना लिहायची. बहुतेक इशारे 'खूप काळजी घ्या, मोठे स्कॅम सुरू आहे, सर्वांना पाठवा' या थाटाचे असतात आणि त्यांतून भीतीखेरीज काही मिळत नाही. विक्रीच्या सूचनेत विक्रेत्याचे नाव हवे. इशाऱ्यात मात्र फसलेल्या व्यक्तीचे नाव नको, नाहीतर लाजेपोटी पुढच्या वेळी कोणी सांगणारच नाही. त्याऐवजी घटनेचा दिवस, फोन करणाऱ्याने वापरलेली नेमकी वाक्ये, त्याने काय मागितले, कोठे तक्रार झाली आणि ही माहिती गटात प्रथम कोणी पडताळली, एवढे असावे. 'मंगळवारी दुपारी वेस्टहागेनमध्ये इंग्रजीत फोन आला, बोलणाऱ्याने परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचे नाव सांगून ६०० युरोंची भेटकार्डे मागितली, कार्यालयाला विचारले असता असा फोन त्यांनी केला नसल्याचे कळले, तक्रार नोंदवली आहे, ही सूचना महिनाअखेरीस काढून टाकू' हा त्याचा नमुना.